विहीर हेच ओलं सरपण

मु. पो. आपलं गाव,
जि. यवतमाळ

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र मिळालं. क्लॅटच्या, म्हणजे कायद्याच्या प्रवेश परीक्षेच्या, सराव परीक्षेत तर्काचे जे प्रश्न चुकले, त्यातले बहुतेक ‘युक्तिवादातला कच्चा दुवा शोधा’ या जातीचे होते, असं तू लिहिलंस. गेल्या वर्षी माझंही नेमकं तिथंच अडत होतं. फोनवर दोन वाक्यांत सांगून हे उमजायचं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. कालच सीतादही, म्हणजे कापूस वेचणीआधीची वावरातली पूजा, झाली. आज वेचणीला बाया आल्यात. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, बसूनच लिहितोय.

मागच्या खरिपात बाबांनी कपाशीसाठी टॉनिकची एक महागडी बाटली आणली. दुकानदार म्हणाला होता, “ज्यायनं हे मारलं, त्याइले एकरी दहा क्विंटल झाला. बाकीचे चार-पाचावर अटकले.” मी तडक म्हणालो, तो लबाडी करतो. बाबा शांतपणे म्हणाले, “लबाडी काऊन म्हणतं? म्या सवता पाह्यलं त्याइचं वावर.”

आणि बाबांचं खरं होतं. आकडे खोटे नव्हतेच. दोन दिवसांनी मी त्यांना विचारलं, की टॉनिक मारणारे कोण कोण? त्यांनी बोटांवर मोजले. सगळे ओलितवाले, विहीर असलेले. न मारणारे जवळपास सगळे आपल्यासारखे कोरडवाहू. पावसानं ऐन बोंडं धरायच्या वेळी दडी मारली, तेव्हा ज्यांच्याकडे पाणी होतं त्यांची पऱ्हाटी तगली. महाग बाटली घ्यायला पैसाही त्यांच्याचकडे होता. बाबा बराच वेळ गप्प बसले, मग बाटलीची पावती शोधायला उठले. त्यांचा तो चेहरा मी विसरू शकत नाही. म्हणून हा प्रश्नप्रकार मला नुसता गुणांचा वाटत नाही.

आपल्याकडच्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांनी, हे फार बारकाईनं पाहिलंय. गौतमाच्या न्यायसूत्रांत हेत्वाभासाचे, म्हणजे वरवर पटणाऱ्या पण फसव्या कारणाचे, पाच प्रकार आहेत. त्यातला पहिलाच सव्यभिचार, म्हणजे जे सिद्ध करायचं ते जिथे नाही तिथेही सापडणारा हेतू (पुरावा म्हणून दिलेलं कारण). धुरावरून अग्नी ओळखता येतो, पण अग्नीवरून धूर नाही. लोहाराच्या भट्टीतून काढलेला लालभडक फाळ बघ, त्यात अग्नी आहे पण धूर नाही. धुरासाठी सरपण ओलं लागतं. मध्ये लपलेल्या या अटीला ते उपाधी म्हणतात. टॉनिकच्या दाव्यातली विहीर म्हणजे हेच ओलं सरपण.

परीक्षेत तू करतोस ती चूक मीही करायचो: उताऱ्यातल्या माहितीशीच भांडायचं. माहिती खरी धर. मग निष्कर्षाचं वाक्य शोध, आणि माहितीवरून तिथे उडी मारताना लेखकानं न बोलता काय गृहीत धरलं ते स्वतःच्या शब्दांत मांड. उतारा इंग्रजीत असला तरी हे मांडणं मी मनात वऱ्हाडीतच करतो, तेव्हाच ती फट मला दिसते. पर्याय त्यानंतर वाचायचे. ‘खरे मानल्यास’ असं प्रश्नात असतं, म्हणजे पर्याय खरा की खोटा हे तपासायचं नसतं. तो उडीला धक्का देतो का, एवढंच बघायचं. ‘हे टॉनिक महाग आहे’ हा पर्याय खरा असला तरी उत्पन्नाच्या दाव्याला तो शिवतही नाही. ‘टॉनिक न मारलेल्या ओलितवाल्यांनाही दहाच क्विंटल झाला’ हा पर्याय मात्र दावा मुळासकट उपटतो. ‘काही’ या शब्दापाशी थांबत जा. दावा ‘बहुतेक’चा असेल, तर ‘काहींना फायदा झाला नाही’ म्हटल्यानं त्याचं फारसं बिघडत नाही.

गृहीतक विचारलं असेल तर पर्याय उलटा करून बघ. उलटा केल्यावर युक्तिवाद कोसळला, तर तेच उत्तर.

वेळेचं म्हणशील तर १२० मिनिटांत १२० प्रश्न आहेत आणि चुकीला पाव गुण जातो. पण ही घाई आत्ता नको. आत्ता एका प्रश्नाला दहा मिनिटं लागली तरी लागू दे.

चुकलेल्यांपैकी तीन प्रश्न हातानं उतरवून पाठव, फोटो नको. प्रत्येकाखाली एकच ओळ लिही: लेखकानं काय गृहीत धरलं? वेचणी उरकली की मी रात्री बसून बघतो. बाबा तुझी आठवण काढतात. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
बाकावरचा सोबती