बाबा, नवा फोन घ्यायच्या आधी

डब्लिन,
9 नोव्हेंबर 2025

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा तुम्ही म्हणालात, फोन भरलाय, अक्षरं दिसत नाहीत, आता नवाच घेतो. दुकानाची पायरी चढण्याआधी एवढं पत्र वाचा. फोन चांगला आहे, फक्त तो तुमच्या डोळ्यांच्या आणि बोटांच्या बेताने लावलेला नाही. व्हिडिओ कॉलवर सांगायला गेले तर कॉलही त्याच फोनवर चालू असतो, मग सेटिंग उघडणार कशात? म्हणून मैत्रीण साताऱ्याला निघाली तिच्याबरोबर हे लिहून पाठवतेय. पत्र टीव्हीशेजारी ठेवा.

आधी अक्षरं. सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर भिंगाचं चित्र असतं. तिथे 'फॉन्ट' एवढंच लिहा, अक्षरांच्या आकाराची पट्टी समोर येईल. ती उजवीकडे सरकवा. कोणत्याही कंपनीचा फोन असो, सेटिंग कुठे दडलंय ते असं शोधून काढता येतं. त्याच जागी 'मॅग्निफिकेशन', म्हणजे पडद्यावरचं मोठं करून दाखवायची सोय, शोधून चालू करून ठेवा. औषधाच्या पाकिटावरचं बारीक छापील वाचायचं असेल तर कॅमेऱ्याने फोटो काढा आणि दोन बोटांनी ताणून मोठा करा.

आता फोन भरण्याचं. तो भरलाय तो गुड मॉर्निंगच्या फुलांनी आणि भजनी मंडळाच्या व्हिडिओंनी. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' आहे, त्यात 'मॅनेज स्टोरेज'. 5 एमबीपेक्षा मोठ्या फाइली तिथे वेगळ्या काढलेल्या दिसतात, आणि पुनःपुन्हा फॉरवर्ड झालेल्याही. एकेक उघडून बघा, घरचे फोटो आणि नातवाचे व्हिडिओ बाजूला ठेवा, बाकीचे बिनधास्त पुसा. मग मागे 'स्टोरेज अँड डेटा'वर येऊन 'मीडिया ऑटो-डाउनलोड'मध्ये जाऊन मोबाइल डेटा आणि वायफाय, दोन्हीकडच्या खुणा काढा. यापुढे जे फोटो-व्हिडिओ तुम्ही बोटाने दाबाल तेवढेच उतरतील. घरच्या फोटोंची एक प्रत गूगल फोटोजमध्ये जाऊ द्या. खात्यावर 15 जीबी जागा फुकट मिळते, मात्र तीत जीमेलही आलं.

टाइप करायचा तुम्हाला कंटाळा येतो म्हणून तुम्ही नुसता अंगठा पाठवता, आणि इकडे मला कळत नाही तुमचं गुडघ्याचं दुखणं खरंच थांबलं का. गूगलच्या कीबोर्डमध्ये 'लँग्वेजेस'मध्ये जाऊन मराठी जोडा, मग माइकचं चित्र दाबा आणि आपल्या साताऱ्याच्या मराठीत बोला. फोन लिहून देतो. नावं कधी चुकतात, तेवढी पाठवण्याआधी बघा. आईला बोलायचं नसेल तर हाताने लिहायचा मराठी कीबोर्डही आहे. स्क्रीनवर बोटाने 'अ' काढला की 'अ' उमटतो. तिचं अक्षर इतकं सुबक आहे, तिला हे आवडेल.

दादाचा जुना टॅब कपाटात पडून आहे, तो तुम्ही घ्या. मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट वाचता येतो. आपल्या वाईच्या मंडळाने तयार केलेला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली 1976 साली पहिला खंड निघालेला. तुम्हाला कधीपासून तो घरात हवा होता ना! मोठ्या पडद्यावर हव्या त्या आकाराच्या अक्षरांत नोंदी वाचा. आईसाठी त्याच टॅबवर 'न्यूज ऑन एअर' टाका, त्यावर आकाशवाणीची केंद्रं लागतात.

पुढचं मात्र दोघांनी नीट वाचा, मला याची सगळ्यात जास्त काळजी आहे. पैसे येणार असतील तर यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपले गेले. लग्नपत्रिका म्हणून एपीके नावाची, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी, फाइल आली तर उघडू नका, अगदी ओळखीच्या नंबरवरून आली तरी. पोलिसांच्या वेशात व्हिडिओ कॉल करून कुणी 'डिजिटल अरेस्ट' म्हणालं तर तसलं काही कायद्यात नाही, फोन ठेवून द्या आणि मला किंवा दादाला लावा. घाबरून गप्प बसू नका, आम्ही रागावणार नाही. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवा. जितकं लवकर सांगाल तितकी ते अडवता येण्याची शक्यता जास्त. व्हॉट्सॲपला 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन'चा सहा आकडी पिन लावा आणि तो कुणालाही, बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्यालाही, सांगू नका.

एक राहिलं. सेटिंग्जमध्ये 'इमर्जन्सी' शोधा आणि तुमचा रक्तगट, बीपीच्या गोळीचं नाव आणि दादाचा नंबर भरा. फोनला कुलूप असलं तरी ही माहिती दुसऱ्याला बघता येते. सकाळी एकटे अजिंक्यताऱ्यावर चालायला जाता, म्हणून सांगते.

सगळं एका दिवसात करू नका. आज अक्षरं मोठी करा, मग माइकवर बोलून मला गुडघ्याचं कळवा. आपल्यात आता साडेपाच तासांचं अंतर आहे, तुमच्या दुपारी मी उठलेली असते.

आईस सा. न., दादा-वहिनींना नमस्कार, बाळाला गोड पापा.

तुमची,
ताई