खुले पत्र : आमच्या मराठी फाइली उघडायच्या कुणी?

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

तालुक्याच्या गावी माझं डीटीपीचं दुकान आहे. सतरा वर्षं लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, यात्रेची पत्रकं जुळवतोय. गेल्या सोमवारी माझ्या जुन्या विंडोज एक्सपीच्या मशीनचा मदरबोर्ड गेला. कपॅसिटर फुगून वर आले होते. दुरुस्तीवाला म्हणाला, "दादा, हा बोर्ड आता कुठंच मिळत नाही."

उसनवारी करून ४८ हजारांचा नवा संगणक आणला, विंडोज ११ चा. मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं डोंगल, म्हणजे जे जोडल्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालतच नाही ती किल्ली, लागतं २५ पिनांच्या जुन्या प्रिंटर पोर्टला. नव्या मशीनला ते पोर्टच नाही. यूएसबीची वायर आणली, तिच्यावर प्रिंटर चालतो, डोंगल चालत नाही. डोंगल ओळखायला लागणारा ड्रायव्हर, म्हणजे छोटा प्रोग्राम, ३२ बिटचा, ६४ बिटचं विंडोज तो घेत नाही. कंपनी म्हणते, नवी आवृत्ती विकत घ्या. अहो, जुनी मी पैसे मोजूनच घेतली होती, पावती आहे माझ्याकडे!

दोन वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या कार्यशाळेत एका अधिकाऱ्यांनी भर सभेत सांगितलं होतं, जुन्या फॉन्टचा (म्हणजे रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरं बसवलेल्या फॉन्टचा) मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरांच्या संकेतांत, नेणारं कन्व्हर्टर सहा महिन्यांत मोफत देऊ. अजून पत्ता नाही. नेटवर मिळतात त्यांत 'वर्ष' टाकलं की 'वषर्' येतं, 'कार्य'चं 'कायर्' होतं. रफार एक घर पुढं सरकतो. परवा एका अहवालाची ६४ पानं बायको आणि मी रात्री दोनपर्यंत एकेक रफार मागं ओढत बसलो होतो. तिचे डोळे अजून लाल आहेत.

देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. मग इतकी वर्षं सरकारी कचेऱ्यांनी आमच्याकडून जुन्या फॉन्टच्याच फाइली का मागून घेतल्या? आणि आता त्याच कचेऱ्या म्हणतात, युनिकोड नसेल तर काम मिळणार नाही!

दुसरं मशीन २०१६ चं, धडधाकट आहे. पण त्यात टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, म्हणून विंडोज ११ चढत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जगभरात २४ कोटी संगणक यापायी भंगारात जातील, असा अंदाज मी वाचलाय. त्यातले गावोगावच्या दुकानांतले किती, ते कुणी मोजलंय? मोठ्या कंपन्यांनी तारीख ठरवायची, सरकारनं मान डोलवायची आणि हप्ते आम्ही भरायचे, असंच चाललंय सगळीकडं.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा आम्ही चौकात पेढे वाटले. त्याच मराठीतल्या माझ्या चार हजारांवर फाइली आज नव्या पडद्यावर रोमन अक्षरं आणि डॉलरच्या खुणा दाखवतात. त्यात गावातल्या गेलेल्या माणसांच्या श्रद्धांजल्या आहेत. शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका आहे.

कबूल केलेलं कन्व्हर्टर द्या. जुन्या फॉन्टमधलं कुठलं अक्षर कुठं बसवलंय, त्याचे तक्ते कंपन्यांकडून घेऊन जाहीर करा. जुनी प्रणाली नव्या मशीनच्या आत व्हर्च्युअल मशीनवर कशी चालवायची, ते तालुक्याला एकदा तरी शिकवा.

पतसंस्थेचा अहवाल गुरुवारी छापायला द्यायचा आहे. बावीस पानं अजून बाकी आहेत.

आपला,
एक डीटीपी ऑपरेटर