राजारामपुरीतल्या ताईंना, आमच्या दूध संस्थेकडून

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही, कारण तुम्हीच नको म्हणालात. पण तुम्ही आमचा अडलेला संगणक मार्गी लावलात, त्याचे आभार चारचौघांत मानायचे, असं आमच्या उत्पादकांनी मला बजावलंय. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय.

आमची संस्था करवीर तालुक्यातली, भोगावतीच्या काठची. सकाळ-संध्याकाळ दूध येतं, काट्यावर वजन होतं, फॅट मशीनवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) निघतं आणि उत्पादकाच्या हातात पावती पडते. दर फॅटवर ठरतो, बिल दहा दिवसांनी निघतं. इथं दोन म्हशींवर अख्खं घर चालवणाऱ्या बायका आहेत. पावतीवरचा आकडा त्यांच्यासाठी पेंडीचा आणि पोरांच्या फीचा हिशेब असतो. त्यामुळं आमच्याकडं संगणक बंद पडणं म्हणजे काय, ते तुम्हाला समजावून सांगावं लागलं नाही. पहिल्याच फोनवर तुम्ही विचारलंत, "आत्ता फॅट कोण लिहून घेतंय, आणि ते कोण तपासतंय?" त्या प्रश्नानंच मला धीर आला.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट थांबले. उत्पादकांचे खाते क्रमांक आणि बिलाचे तपशील सगळे त्याच संगणकात, म्हणून संचालक मंडळानं विंडोज ११ वर जायचं ठरवलं. संगणक नव्या रूपात सुरू झाला, दूध संकलनाचं सॉफ्टवेअरही उघडलं. पण त्यात वजन येईना, फॅट येईना, आणि प्रिंटर पावती देईना. काट्याच्या डिस्प्लेवर वजन दिसत होतं, फॅट मशीनच्या पडद्यावर आकडा येत होता, पण तो संगणकापर्यंत पोचत नव्हता. सगळं वहीत लिहायची वेळ आली. मागं रांग, समोर किटल्या, आणि घाईत ४.३ चं ३.४ लिहिलं जाईल ही धास्ती. एका दुकानात सांगितलं, मशीन जुनी झाली, सगळा सेट बदला. दुसरीकडं सांगितलं, फॉरमॅट मारू. कुणी म्हणालं, दहा दिवसांच्या आत विंडोज १० वर परत जाता येतं, जा परत.

तुम्ही राधानगरी रोडनं गाडी मारत आलात आणि आधी काहीच बदललं नाही. डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे संगणकाला जोडलेल्या उपकरणांची यादी, उघडून पिवळ्या त्रिकोणाची खूण कुठं आहे ते बघितलंत. काटा आणि फॅट मशीन दोन्ही जुन्या नऊ पिनांच्या सिरीयल पोर्टच्या, मधे यूएसबीची केबल. फॅट मशीनच्या केबलपुढं संदेश होता, त्याचा अर्थ असा की केबलमधली ही चिप २०१२ पासून बंद केली आहे, पुरवठादाराला विचारा. विंडोज १० वर जुन्या ड्रायव्हरनं (उपकरण आणि संगणक यांची गाठ घालून देणाऱ्या प्रोग्रामनं) ती चालत होती. नव्या ड्रायव्हरनं मात्र ती जुनी चिप ओळखूनच नाकारली होती. म्हणजे लाखभराचं यंत्र ठणठणीत आणि अडलंय कुठं, तर हातभर केबलच्या टोकात.

तरी तुम्ही नुसत्या संदेशावर विसंबला नाहीत. केबल यंत्रापासून सोडवून तिच्या टोकाच्या २ आणि ३ नंबरच्या पिना तारेच्या तुकड्यानं जोडल्यात. एक पिन ऐकणारी, एक बोलणारी. दोन्ही जोडल्या की केबलनं बोललेलं केबललाच ऐकू यायला हवं. फॅट मशीनच्या केबलवर तुम्ही अक्षरं टाइप केलीत, परत काहीच आलं नाही. काट्याच्या केबलवर टाइप केलीत, तशीच्या तशी पडद्यावर उमटली. आमचा टेस्टर, म्हणजे दूध तपासणारा पोरगा, डोळे विस्फारून बघत होता. ही परीक्षा त्याला आता स्वतःला करता येते, ताई. तुम्ही त्याच्याच हातात तार दिली होतीत.

मग काट्याची केबल चांगली असून वजन का येत नव्हतं? आधी पडद्यावर नुसती अगम्य चिन्हं आली. तुम्ही सांगितलंत, चिन्हं येतायत म्हणजे तार जोडलेली आहे, फक्त बोलण्याचा वेग जुळत नाही. तपासणीच्या प्रोग्राममधला ९६०० चा वेग २४०० केलात आणि वजन स्वच्छ दिसायला लागलं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये २४०० च होतं. चुकला होता तो पोर्टचा क्रमांक. सॉफ्टवेअर कॉम ३ वर वाट बघत बसलेलं आणि अपडेटनंतर काटा जाऊन बसलेला कॉम ७ वर. कॉम ३ द्यायला गेलो तर 'वापरात आहे' असं उत्तर. तेव्हा तुम्ही लपलेली उपकरणं दाखवायचा पर्याय चालू केलात. आता जोडलेलीच नाहीत अशा जुन्या केबलींची नावं फिकट रंगात तिथं दिसली, आणि त्यातल्याच एकीनं तो क्रमांक अडवून ठेवला होता. ती काढली आणि काट्याला त्याची जागा मिळाली.

एक गोष्ट तुम्ही तेव्हा सांगितलीत, ती मी इथं मुद्दाम लिहितो, कारण आसपासच्या संस्थांचे सचिव हे वाचतील. अशा स्वस्त केबलींना स्वतःचा वेगळा ओळख क्रमांक बहुधा नसतो. संगणक त्यांना यूएसबीच्या खाचेवरून ओळखतो. केबल एका खाचेतून काढून दुसरीत घातली की पोर्ट क्रमांक बदलू शकतो. म्हणून तुम्ही काट्याच्या खाचेला आणि केबलला लाल चिकटपट्टी लावलीत, फॅट मशीनला निळी. झाडलोट करताना कुणीही केबल काढली तरी आता ती त्याच जागी परत जाते.

प्रिंटरचं काम त्या मानानं लवकर झालं. अपडेटनं त्याच प्रिंटरची 'कॉपी १' नावाची दुसरी नोंद केली होती, आणि सॉफ्टवेअर पावत्या जुन्या नोंदीकडं पाठवत होतं. अडकलेल्या पावत्या तुम्ही स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारा प्रोग्राम) थांबवून साफ केल्यात, नवी नोंद डीफॉल्ट केलीत आणि मुख्य प्रिंटर विंडोजनं आपोआप बदलू नये अशी सेटिंगही केलीत.

फॅट मशीनसाठी जुना ड्रायव्हर बळजबरीनं बसवता आला असता. तसा सल्ला आम्हाला मिळालाही होता. तुम्ही म्हणालात, "पुढच्या अपडेटला तो परत उडेल, आणि तेव्हा पहाटेच्या दुधाला मी इथं नसेन." काहीशे रुपयांत नव्या चिपची केबल लागली. तुम्हाला आम्हाला नवी मशीन विकता आली असती, आणि आम्ही घेतलीही असती, इतके आम्ही अगतिक झालो होतो. ही गोष्ट संस्था विसरणार नाही.

आणि ताई, खरे आभार पुढच्या कामाचे. सगळं जोडून झाल्यावर तुम्ही निघाला नाहीत. संध्याकाळच्या संकलनाला थांबलात. दुपारभर संगणक रिकामा राहिला की वीज वाचवण्यासाठी तो यूएसबीची खाच झोपवतो आणि संध्याकाळी काटा गप्प होतो, हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं. ती सेटिंग तुम्ही दुपारीच बंद केली होती आणि ती लागू झाली का हे डोळ्यांनी बघायचं होतं. रांगेतल्या प्रत्येकाचा फॅट मशीनच्या पडद्यावरचा आकडा आणि पावतीवरचा आकडा तुम्ही शेजारीशेजारी लिहून जुळवलात. एक आजी म्हणाली, "बाई, माझ्या म्हशीचं खरं आलं काय बघ." तुम्ही तिला पडदा दाखवलात, पावती दाखवलीत, आणि तिला चष्म्याशिवाय दिसेना तेव्हा मोठ्यानं वाचून दाखवलंत. वहीतल्या हातच्या नोंदी बिलात चढवताना एकेक आकडा दोघांनी वाचायचा, हा नियमही तुमचाच. त्या दहा दिवसांच्या बिलाबद्दल एकही तक्रार आली नाही.

जाताना अपडेटनंतर संगणक रीस्टार्ट व्हायची वेळ तुम्ही रात्रीवर ढकललीत. पहाटे ४ ते रात्री १० हे तास कामाचे म्हणून ठरवून दिलेत, आणि विंडोज त्याहून जास्त म्हणजे १८ तासांपलीकडं देतही नाही, हेही सांगितलंत. ड्रायव्हरची नक्कल पेनड्राइव्हवर काढून कपाटात ठेवलीत. पोर्ट क्रमांक, वेग आणि रंग लिहिलेला कागद आता भिंतीवर लावलाय.

संचालक मंडळाच्या बैठकीत तुमच्या आभाराचा ठराव एकमतानं झाला. त्याची प्रत टपालानं पाठवली आहे. शेजारच्या दोन गावांच्या संस्थांना अजून विंडोज ११ वर जायचंय, त्यांना तुमचा नंबर दिला तर चालेल का, तेवढं कळवा. आणि आजीची म्हैस परवा व्याली. खरवसाचा डबा तिनं तुमच्या नावानं राखून ठेवलाय, तो शनिवारी राजारामपुरीत पोचवतो.

आपला,
सचिव, दूध संस्था
ता. करवीर, जि. कोल्हापूर