फिल्टर लावलेल्या शीटमधले रंग जपून वाचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हाउसिंग सोसायट्यांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायच्या असतात, त्यामुळे व्हॉट्सॲप ग्रुपवर थकबाकीच्या एक्सेल शीट फिरतात, त्यात लाल-हिरवे रंग भरलेले असतात आणि त्या रंगांवरून लोक शेजाऱ्यापाजाऱ्यांबद्दल मतं बनवून मोकळे होतात, म्हणून हे पत्र. कंडिशनल फॉरमॅटिंग, म्हणजे नियम दिला की एक्सेल आपोआप सेल रंगवतं ती सोय, खूप कामाची आहे, मी स्वतः रोज वापरते. पण बऱ्याच जणांना वाटतं की फिल्टर लावला की रंगसुद्धा दिसणाऱ्या ओळींपुरतेच ठरतात. तसं होत नाही. फिल्टर ओळी फक्त लपवतो, रंगाचा तयार नियम लपलेल्या ओळीही धरूनच चालतो.

समजा ए विंगखाली दुकानं आहेत आणि त्यांच्या बाकीमुळे सगळ्या शीटची सरासरी ५० हजारांवर गेलीय. नियम काय, तर सरासरीपेक्षा जास्त बाकी असेल तर लाल. आता फक्त बी विंगचा फिल्टर लावा, तिथे बाकी सगळ्यांचे दोन-तीन हजार आणि एकाने ४० हजार थकवलेत तरी एकही ओळ लाल होणार नाही, बघणाऱ्याला वाटणार बी विंगमधे सगळं आलबेल! डुप्लिकेटच्या नियमात तर त्याहून वाईट, पावती नंबर दोनदा आलाय पण दुसरी ओळ लपलेल्या ए विंगमधे, मग इथे एकटाच नंबर लाल दिसतो आणि ज्याची पावती त्याच्यावर उगाच संशय. हे मला फार लागतं, कारण यात त्या माणसाचा काहीच दोष नसतो.

उपाय अवघड नाहीये. कंडिशनल फॉरमॅटिंगच्या न्यू रूलमधे जाऊन फॉर्म्युलाचा पर्याय घ्या, रकमेचा सेल सबटोटल या एक्सेलच्या फंक्शनच्या उत्तरापेक्षा मोठा असेल तर रंग, असं लिहा, सबटोटलच्या कंसात आधी १०१ आणि मग रकमांची रेंज, डॉलर लावून, म्हणजे रेंज सरकत नाही. १०१ म्हणजे फक्त दिसणाऱ्या ओळींची सरासरी, फिल्टर बदलला की रंगही बदलतात. एकाआड एक ओळ रंगवायला लोक रो नंबर वापरतात तोही फिल्टरमधे विस्कटतो, तिथे सबटोटलच्या १०३ ने दिसणाऱ्या ओळी मोजायच्या. खालच्या बेरजेलाही साधा सम नको, सबटोटलचा १०९ घ्या, नाहीतर यादी बी विंगची आणि टोटल अख्ख्या सोसायटीची. डुप्लिकेटसाठी मात्र सरळ फिल्टर केलेल्या ओळी कॉपी करून नवीन शीटवर टाका आणि तिथे नियम लावा, ते जास्त सोपं पडतं.

आपल्या पेपरात हे एकदा फॉर्म्युल्यांच्या चित्रांसकट सविस्तर छापा अशी कळकळीची विनंती, कारण सोसायट्यांचे खजिनदार बहुतेक करून नोकरी सांभाळून रात्री हे काम करतात, त्यांना शिकवणारं कुणी नसतं. आणि सभेत स्क्रीनवर रंगीत शीट लावली तर सभासदांनी आधी फिल्टर काढून दाखवा म्हणावं, डेटा टॅबवर क्लिअर दाबायला एक सेकंद लागतो.

आपली,
एक सभासद, डोंबिवली