नऊचा काटा आणि चहाची किटली

संपादक महोदय,

ब्रिटनमधल्या टीव्हीच्या सरमिसळ संध्याकाळीमागे कडक वेळापत्रक असते, हे आपल्याकडे फारसे लिहिले जात नाही. बीबीसी वनवर सहाला देशाच्या बातम्या, साडेसहाला आपापल्या प्रदेशाच्या. मग गप्पा, मालिका, माहितीपट, आणि दहाला पुन्हा बातम्या. मोफत वाहिन्यांवर रात्री नऊ ते पहाटे साडेपाच याच वेळात प्रौढांसाठीचा मजकूर चालतो. नऊ वाजले म्हणून एकदम शिवीगाळ सुरू, असेही चालत नाही. बदल हळूहळू हवा, असा ऑफकॉम या तिथल्या प्रसारण नियामक संस्थेचा नियम आहे.

खरी गंमत विजेची. लोकप्रिय कार्यक्रम संपला की घरोघरी एकाच मिनिटात चहाच्या किटल्या लागतात. एक किटली साधारण तीन किलोवॉट खाते. ४ जुलै १९९० रोजी इंग्लंड-पश्चिम जर्मनी हा विश्वचषक फुटबॉलचा उपांत्य सामना पेनल्टींवर संपला आणि मागणी २८०० मेगावॉटने उसळली. म्हणून ग्रिडचे, म्हणजे देशाचे वीजजाळे सांभाळणारे लोक टीव्हीचे वेळापत्रक समोर ठेवून बसत. वेल्समधले डिनॉर्विग जलविद्युत केंद्र अशाच वेळी कामी येते. टर्बाइन आधीच फिरत ठेवलेले असले, तर बारा-पंधरा सेकंदांत ते सुमारे १३०० मेगावॉट देते. सामना जादा वेळेत गेला, की आडाखा चुकणार! आता जो तो आपल्या सवडीने पाहतो, त्यामुळे ही उसळी बरीच ओसरली आहे.

तिकडे शिकायला जाणाऱ्या मुलांनी एक लक्षात ठेवावे: लॅपटॉपवरही थेट प्रक्षेपण किंवा बीबीसी आयप्लेअर (बीबीसीची ऑनलाइन सेवा) पाहायचे, तर टीव्ही परवाना लागतो.

– एक वाचक