‘का’ विचारू नकोस, कागद माग

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल मिळालं. दादाच्या अपघाताला चार महिने झाले आणि पोलिस ठाण्याकडून हाती आलं काय, तर एका ओळीचं उत्तर: ‘मागणी माहितीच्या व्याख्येत बसत नाही.’ वाचून फार वाईट वाटलं.

पण तुझा माहिती अधिकाराचा अर्ज मी तीनदा वाचला. ‘तपास का रखडला?’, ‘जबाबदार कोण?’ असं विचारलं आहेस. बाबांच्या तक्रारीच्या वेळी मीही हेच विचारलं होतं आणि मलाही हेच उत्तर आलं होतं. माहिती अधिकारात दप्तरी असलेला कागद मिळतो, खुलासा मिळत नाही. म्हणून गुन्हा नोंद क्रमांक घालून नेमके कागद माग: घटनास्थळाच्या पंचनाम्याची प्रत, तपास अधिकारी बदलल्याचे आदेश, अमुक तारखेपासूनच्या स्टेशन डायरीतल्या या गुन्ह्याच्या नोंदी. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांत लागतो. दादाचे हाल त्यात मावणार नाहीत, ते मला लिही. माहिती कशासाठी हवी, हे सांगायला तू बांधील नाहीस. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लाव आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय हलू नकोस. माझ्याकडे पोच नव्हती, म्हणून पुढचे दोन महिने वाया गेले.

30 दिवसांत बहुधा ‘तपास चालू आहे’ म्हणून माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8 खाली, म्हणजे माहिती नाकारण्याच्या कलमाखाली, नकार येईल. खचू नकोस. तपास चालू असणं एवढंच कारण पुरत नाही, माहिती दिल्याने त्यात अडथळा कसा येईल हे दाखवावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने 2007 मध्ये म्हटलं आहे. प्रथम अपिलात, म्हणजे नकाराविरुद्ध वरिष्ठ अधिकाऱ्याकडे करायच्या अर्जात, ते लिही. सोबत त्याच कायद्याचं कलम 10 टाक: साक्षीदारांची नावं झाका, पण उरलेला कागद द्या. नकार मिळाल्यापासून 30 दिवसांत अपील गेलंच पाहिजे.

आणखी एक. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम 193 प्रमाणे तपासाची प्रगती 90 दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायची असते. दादाला काही कळवलं का? नसेल, तर त्यासाठी वेगळं पत्र दे. तो त्याचा हक्क आहे.

मसुदा पाठव, मी त्याच रात्री वाचतो. दादाच्या पायाचं प्लास्टर निघालं का, तेही लिही.

तुझाच,
जुना सोबती