पिंजऱ्यापलीकडच्या ताई-दादांना

तुमच्या प्राणी-निवाऱ्यातून ढंप्या कुत्र्याला घरी आणून आज ९० दिवस झाले. तुमची नावं मला ठाऊक नाहीत, पण आभार मानल्याशिवाय राहवत नाही.

खरं सांगते, मला पिल्लूच हवं होतं. भिंतीकडे तोंड करून बसलेल्या या थोराड कुत्र्याला ओलांडून मी पुढे गेलेही होते. तेव्हा झाडू मारणाऱ्या ताई म्हणाल्या, "त्याच्याकडे बघू नका. नुसतं पाठमोरं बसा." वीसेक मिनिटांनी माझ्या कोपराला ओलं नाक लागलं!

रेबीज, पार्व्हो, डिस्टेंपरच्या लशी आणि नसबंदी, सगळ्याच्या तारखा कार्डावर नीट लिहिणाऱ्यांचेही आभार. (अक्षर मात्र अस्सल डॉक्टरी!)

पहिल्या रात्री तो पलंगाखालून निघेना. तेव्हा फोन उचलून "ओढू नका, पाणी ठेवा, दिवा मालवा आणि झोपा" म्हणणारे दादा, त्या रात्री तुम्ही आम्हा दोघांनाही झोपवलंत. ३ दिवस भीतीचे, ३ आठवडे ओळखीचे, ३ महिने रुळण्याचे, हा तुमचा हिशेब काही तंतोतंत जुळला नाही. जिन्याला तो अजून बिचकतो. पण आता माझ्या चपलेवर डोकं ठेवून घोरतो.

तुमच्याकडची ती विटकी चादर त्याने सोडलेली नाही. परत मागू नका.